कागदावर सी, कानाला काळी दोन

संपादक साहेबांस सप्रेम नमस्कार,

तुमच्या रविवारच्या पुरवणीत पाश्चात्य वाद्यवृंदावर आलेला लेख वाचला. लेख तसा छान जमलाय, मराठीत या विषयावर हल्ली कोण एवढं लिहितं, त्यामुळे लेखकांचे आभार आधीच मानून ठेवतो म्हणजे पुढे जे भांडणार आहे ते त्यांनी मनावर घेऊ नये. भांडण मुख्यतः एका विधानावरून आहे. त्यांचं म्हणणं असं की आपल्याकडचा पेटीवाला, गायकाने "आज काळी चार" (म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर सा) म्हटलं की तिथल्या तिथे पट्टी बदलून साथ करतो, पण सिंफनीतला वादक म्हणजे कागदाचा गुलाम, समोर छापलंय तेवढंच वाजवणार, डोक्याला काम नाही. आता व्हायोलिनवाल्यांचं व्हायोलिनवाले बघून घेतील, पण मी हॉर्न वाजवतो, फ्रेंच हॉर्न, आणि हॉर्नवाल्याला समोर छापलंय तेच वाजवायची चैन फार क्वचित मिळते हो.

माझी ओळख एवढीच की मूळचा पुण्याचा, नोकरीनिमित्त बरीच वर्षं जर्मनीत, आणि इथल्या एका हौशी ऑर्केस्ट्रात बसतो, बहुतेक वेळा तिसऱ्या नाहीतर चौथ्या हॉर्नच्या खुर्चीवर. शाळेत असताना पेटी शिकलो होतो त्यामुळे काळी चार म्हणजे काय हे मला कुणी समजवायला नको, आणि त्याच जोरावर हे पत्र लिहितोय.

तर मुद्दा असा. आज जवळपास सगळीकडे हॉर्नची बोटं एफ धरून शिकवतात, आपल्या भाषेत पांढरी चार. म्हणजे कागदावर सी दिसला, मी सी ची बोटं लावून फुंकलं, तर हॉलमधे ऐकू येतो तो एफ, लिहिल्यापेक्षा पंचमाइतका खाली. इथपर्यंत ठीक आहे, एकदा सवय झाली की माणूस विसरूनही जातो. पण बीथोवेन काढा, ब्राम्स काढा, पार्टच्या, म्हणजे वादकासमोरच्या कागदाच्या, डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं हॉर्न इन ई फ्लॅट, किंवा इन डी, इन ई, इन सी, इन ए वगैरे, आणि खाली स्वर मात्र सगळे सी ला सा धरून लिहिलेले, सुरुवातीला पट्टी सांगणारी शार्प फ्लॅटची खूण, की सिग्नेचर, सुद्धा नाही. हातातलं वाद्य एफ चं, कागद म्हणतो मी ई फ्लॅटचा, आणि कंडक्टर तर काठी उचलून तयार. मग पट्टी बदलायचं जे काय काम आहे ते तिथल्या तिथे डोक्यात करायचं. ई फ्लॅट असेल तर सगळं एक स्वर खाली, म्हणजे सी दिसला की बी फ्लॅट वाजवायचा. इन ई असेल तर अर्धा स्वर खाली. इन डी असेल तर दीड स्वर, सी च्या जागी ए. इन सी असेल तर सी दिसला की खालचा जी. इन जी असेल तर उलटं, एक स्वर वर, आणि इन ए असेल तर दोन स्वर वर. आणि ह्या पट्ट्या एकाच सिंफनीत मूव्हमेंटगणिक, म्हणजे भागागणिक, बदलतात, कधी कधी तर पानाच्या मधेच. याला कागदाची गुलामी म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

हे असं विचित्र लिहून का ठेवलंय हे मात्र सांगायलाच हवं कारण खरी गंमत तिथेच आहे. मोझार्टच्या काळातल्या हॉर्नला व्हॉल्व्ह, म्हणजे बोटाने दाबायच्या कळा, नव्हतेच. गुंडाळलेली पितळी नळी, एका टोकाला माउथपीस, दुसऱ्या टोकाला भोंगा, बस. एफ ची नळी सरळ केली तर साधारण १२ फूट भरते, ई फ्लॅटची १४ फुटांच्या आसपास. लांबी एकदा ठरली की त्यातून कुठले स्वर निघणार हे निसर्गाने ठरवलेलं, तुमच्या हातात फक्त ओठ. खालून सुरू केलं तर सा, मग प, वरचा सा, मग ग, प, एक जरा उतरलेला कोमल नी, आणि त्याच्या वरच्या सप्तकात कुठे सलग सा रे ग मिळायला लागतात. त्यातला अकरावा स्वर म्हणजे मध्यम तर धड शुद्ध नाही नि तीव्रही नाही, बरोबर मधे लटकतो, आणि धैवताचंही काही खरं नाही. पण गंधार काय सुंदर येतो! आपल्याकडे तानपुरा जमला की त्यात स्वयंभू गंधार ऐकू येतो म्हणतात ना, तोच हा, तारेचा आणि नळीतल्या हवेचा कायदा एकच.

आता पट्टी बदलायची तर काय करायचं, तर नळीचा एक वेटोळा तुकडा काढून दुसऱ्या लांबीचा बसवायचा, त्याला क्रूक म्हणतात. ई फ्लॅटचा क्रूक बसवला की सगळेच्या सगळे स्वर ई फ्लॅटवर जाऊन बसले, डी चा बसवला की डी वर. वादकाच्या ओठाला फार फरक नाही, तो तोच सा ग प काढतोय. मग कागदावर उगाच प्रत्येक पट्टीचे वेगळे स्वर कशाला लिहायचे? सी म्हणजे सा, ई म्हणजे ग, जी म्हणजे प, क्रूक कुठलाही असो. म्हणजे लेखक महाशय, हॉर्नचा जुना पार्ट हा पाच रेघांवर लिहिलेलं सारेगमच आहे, आणि कोपऱ्यात जे इन ई फ्लॅट छापलेलं असतं ते म्हणजे "काळी दोन" अशी सूचना. इन डी म्हणजे पांढरी दोन, इन ई म्हणजे पांढरी तीन. पेटीवाल्याला जे तोंडी सांगतात ते हॉर्नवाल्याला छापून देतात, एवढाच काय तो फरक.

मधले स्वर काढायला उजवा हात भोंग्यात कमीजास्त घालायची पद्धत १७५० च्या सुमारास ड्रेस्डेनच्या हांपेल नावाच्या वादकाने बसवली असं सांगतात. हात अजूनही आम्ही भोंग्यातच ठेवतो, बघणाऱ्याला वाटतं वाद्य धरायला ठेवलाय. मोझार्टने आपल्या लॉइटगेब नावाच्या हॉर्नवाल्या दोस्तासाठी जे कॉन्चेर्टो, म्हणजे एकट्या वादकाने वाद्यवृंदासोबत वाजवायच्या रचना, लिहिले ते सगळे याच बिनव्हॉल्व्हच्या वाद्यावर वाजवायला, तीन ई फ्लॅट मधे नि एक डी मधे. दोस्ताची थट्टा करायची त्याला भारी हौस, एकाच्या हस्तलिखितावर "या गाढवाची दया येऊन" अशा अर्थाचं काहीतरी लिहिलंय आणि १७८६ च्या एकाची तर लाल निळ्या हिरव्या काळ्या अशा रंगीबेरंगी शाईत मजा मजा केलीये.

बीथोवेनची तिसरी, इरोइका, घ्या. तिच्यात दोनाऐवजी तीन हॉर्न, तिघंही मुख्यतः ई फ्लॅट मधे, आणि तिसऱ्या मूव्हमेंटच्या ट्रिओत, म्हणजे मधल्या भागात, तिघं मिळून जी शिकारीची हाक देतात ती सा ग प याच स्वरांवर उभी आहे, दुसरे स्वर इतक्या सहज होतेच कुठे हाताशी. त्याच सिंफनीच्या पहिल्या मूव्हमेंटमधे मुख्य धून परत येते तेव्हा पहिल्या हॉर्नला ती एकदा एफ मधे वाजवायचीये, तर बीथोवेनने त्याला क्रूक बदलायला आधी भरपूर बार, म्हणजे आवर्तनं म्हणा, गप्प बसवलंय आणि नंतर परत ई फ्लॅटवर यायलाही वेळ दिलाय. आता माझ्या वाद्यावर क्रूक बदलायचा नसतो तरी मी तेवढे बार मोजत बसतोच. आणि तिथूनच जरा आधी दुसरा हॉर्न जो "चुकून लवकर" आल्यासारखा वाटतो ती चूक नाहीये, तसंच लिहिलंय. बीथोवेनचा शिष्य रीस रिहर्सलला म्हणून गेला की या हॉर्नवाल्याला मोजता येत नाही का, तर गुरुजींच्या हातची थप्पड थोडक्यात वाचली. आमच्यावर संशय घेण्याची परंपरा तेव्हापासूनची आहे.

व्हॉल्व्हचं पेटंट १८१८ चं, श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल या दोघांचं, बर्लिनमधलं. व्हॉल्व्ह आले, म्हणजे बोट दाबलं की नळीला जास्तीचा तुकडा जोडला जातो, म्हणजे एका वाद्यावर सगळे स्वर. हळूहळू क्रूकची पेटी घरी राहिली, सगळे एफ वर स्थिर झाले, शतक संपता संपता एफ आणि बी फ्लॅट एकत्र असलेला डबल हॉर्नही आला. पण आधीच्या शंभर वर्षांचा जो कागद होता तो तसाच राहिला! क्रूक जे काम करत होता ते आता वादकाच्या डोक्यात आलं. आणि नवा कागदही लगेच बदलला नाही. चायकोव्हस्की सरळ एफ मधे लिहितो, त्याच्या पाचव्या सिंफनीतला तो प्रसिद्ध हॉर्न सोलो वाजवायला अवघड पण वाचायला सोपा. ब्राम्सचं मात्र तसं नाही. त्याचे वडील हॉर्न वाजवायचे, तो स्वतः लहानपणी बिनव्हॉल्व्हचा हॉर्न शिकलेला, १८६५ चा हॉर्न ट्रिओ (हॉर्न, व्हायोलिन, पियानो अशा तिघांचा) त्याने मुद्दाम त्याच जुन्या हॉर्नसाठी लिहिला, आणि सिंफन्यांमधेही शेवटपर्यंत क्रूकच्याच भाषेत लिहीत राहिला.

ब्राम्सच्या पहिल्या सिंफनीच्या सुरुवातीला पहिले दोन हॉर्न इन सी आणि आम्ही तिसरे चौथे इन ई फ्लॅट. म्हणजे शेजाऱ्याच्या कागदात डोकावून काही उपयोग नाही, त्याचा सी वेगळा माझा सी वेगळा. शेवटच्या मूव्हमेंटमधे जी आल्पहॉर्नची, म्हणजे आल्प्समधल्या लांब लाकडी भोंग्याची, धून येते, जी त्याने १८६८ मधे आपल्या पियानोवादक मैत्रिणीला, क्लारा शूमानला, वाढदिवसाच्या शुभेच्छा म्हणून पत्रातून पाठवली होती, ती पहिला हॉर्न इन सी वाचतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं डोंगरावरून कोणीतरी सहज हाक मारतंय. त्याला विचारा किती सहज ते. दुसऱ्या सिंफनीची दुसरी मूव्हमेंट तर आणखी भारी, हॉर्न इन हा (H). जर्मन छपाईत शुद्ध बी ला हा म्हणतात आणि नुसतं बी लिहिलं असेल तर तो बी फ्लॅट, हे ज्याला माहीत नाही त्याची पहिल्याच रिहर्सलला वाट लागते. हा ची पट्टी म्हणजे सी दिसला की खालचा एफ शार्प, सा पासून मोजलं तर तीव्र मध्यमाइतकं अंतर, डोक्याला सगळ्यात न रुचणारं. आणि दुसऱ्या पियानो कॉन्चेर्टोची सुरुवात एकट्या हॉर्नवर आहे, ती इन बी फ्लॅट बासो, म्हणजे खालचा बी फ्लॅट. बासो आहे की आल्टो हे चुकलं तर सरळ एका सप्तकाचा फरक, आणि मागे पियानोवाला कोट घालून बसलेला.

यात भर म्हणजे बास क्लेफ. क्लेफ म्हणजे कुठल्या रेघेवर कुठला स्वर हे सांगणारी ओळीच्या सुरुवातीची खूण, ट्रेबल वरच्या स्वरांची, बास खालच्या. जुन्या लोकांनी खालचे स्वर बास क्लेफमधे लिहिताना ते एक सप्तक खाली लिहायची रीत पाडली, म्हणजे एफ हॉर्नचा स्वर ट्रेबलमधे लिहिल्यापेक्षा खाली वाजतो आणि बासमधे लिहिल्यापेक्षा वर. का, तर तशी पद्धत. नंतरच्या काळात काहींनी नवी रीत धरली, काहींनी जुनीच, त्यामुळे चौथ्या हॉर्नने आधी पान पूर्ण चाळून कोण कुठल्या रीतीचा ते ठरवायचं.

हे जमवतात कसं असं लोक विचारतात. काही जण सरळ अंतर मोजतात, एक स्वर खाली, दीड स्वर खाली, असं. काही जण क्लेफ बदलतात, म्हणजे इन ई फ्लॅट असेल तर डोळ्यासमोर ट्रेबलच्या जागी टेनर क्लेफ आहे असं समजायचं, स्वर आपोआप बरोबर जागी येतात, हे ज्यांना लहानपणापासून सगळे क्लेफ घोटून दिलेत त्यांनाच जमतं. इथले शिक्षक कोप्राश नावाच्या माणसाचे जुने धडे देतात, आज एफ मधे वाजव, उद्या तोच धडा ई मधे, परवा डी मधे, पोरं रडकुंडीला येतात पण तयार होतात. मी मात्र आपला सारेगमवाला. कागदावर जी ई सी दिसलं की मी ते प ग सा असं वाचतो, सा कुठे ठेवायचा ते कोपऱ्यात बघून ठरवलं की झालं. मोझार्ट, बीथोवेन, ब्राम्सचा बराचसा भाग यात आरामात निभतो. वाग्नर आला की नाही निभत, हे कबूल करायला पाहिजे. त्याच्या लोहेंग्रिन या ऑपेरात हॉर्नची पट्टी इतक्या पटापट बदलते की खरा क्रूक बदलायला माणसाला वेळच मिळाला नसता, आणि शार्प फ्लॅटचा पाऊस, तिथे सा कुठे हेच कळेनासं होतं, मग मुकाट्याने अंतर मोजायचं.

आता लेखकांची दुसरी सूचना, की हे सगळं जुनाट आहे, आज कॉम्प्युटर आहे, सगळे पार्ट एफ मधे करून छापा आणि मोकळे व्हा. तसे पार्ट मिळतात, वाईट काही नाही त्यात, नवशिक्याला द्यावेतच. पण मूळ कागद टाकून द्यायला माझा विरोध आहे आणि तो परंपरेच्या प्रेमाने नाही. कागदावर ई दिसला की मला कळतं हा गंधार आहे, आणि अशा जागी बहुतेक वेळा कॉर्डचाही गंधारच असतो, तो पियानोच्या गंधारापेक्षा किंचित खाली, शुद्ध भाषेत १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली ठेवला की चार हॉर्न एकत्र असे काही मिसळतात की अंगावर काटा येतो. तोच ई फ्लॅटचा पार्ट एफ मधे करून दिला की त्या ई चा डी होतो, आणि डी कडे बघून तो गंधार आहे की ऋषभ की काय हे कसं कळणार? स्वर बरोबर छापला, त्याचं नातं गेलं. शिवाय एफ शार्प लिहिलाय म्हणजे बिनव्हॉल्व्हच्या काळात तो बहुधा हात घालून, जरा दबका काढलेला असणार आणि जी मोकळा, हेही मूळ कागदावरच दिसतं. ब्राम्सला ते माहीत होतं म्हणून तर तो तसं लिहीत होता. आणि व्यवहाराचं सांगायचं तर ऑडिशनला स्टँडवर मूळच पार्ट असतो, भाड्याने येणारे सेट मूळचे असतात, इंटरनेटवर फुकट मिळणारं स्कॅनही बहुतेक वेळा मूळचंच असतं. रिहर्सलमधे कंडक्टर ओरडला की तिसरा हॉर्न, तुमचा तो जी, तर तो कागदावरचा जी की कानाला येणारा जी हा वाद निम्म्या वेळा होतोच, आणि त्यात माझा कागद घरी कॉम्प्युटरवर केलेला असेल तर मग तीन वेगवेगळे जी होतील, एक शेजाऱ्याचा, एक कंडक्टरचा, एक माझा.

व्हिएन्ना फिलहार्मोनिकवाले तर आजही एफ चा जुन्या घाटाचा व्हिएन्ना हॉर्न वाजवतात आणि त्याला काढता येणारा क्रूकही असतो. मुंबईत जन्मलेले आपले झुबिन मेहता १९५४ मधे त्याच शहरात शिकायला गेले आणि पुढे त्याच ऑर्केस्ट्रासमोर उभे राहिले. कंडक्टरचं काम तर आमच्याहून वाईट, त्याच्या स्कोअरमधे, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या एकत्र कागदात, हॉर्न एका पट्टीत, क्लॅरिनेट दुसऱ्या, ट्रंपेट तिसऱ्या, आणि त्याला सगळं एकाच वेळी कानात ऐकायचं असतं.

हे सगळं तावातावाने लिहायचं खरं कारण म्हणजे माझी भाची. ती तिकडे भारतात हॉर्न शिकतेय. आपल्याकडे पियानो व्हायोलिन शिकवणारे भरपूर, हॉर्न शिकवणारा शोधून काढावा लागतो, वाद्य चांगलं घ्यायचं तर लाखांच्या घरात, तरी पोरगी चिकाटीने करतेय. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, तिथे जाऊन ऐकून येते आणि मला मेसेज करते की मामा आज हॉर्न काय वाजले. तर तिला क्लासमधे सगळं एफ मधे करूनच मिळतं, आणि मूळ पार्ट दाखवला तर सांगतात हे जुनं आहे, याच्या नादी लागू नकोस, अवघड आहे. अवघड कसलं? ही मुलगी घरी आजीच्या भजनाला पेटीवर साथ करते, आजीचा आवाज बसला असेल तर न विचारता अर्धी पट्टी खाली घेते. तिला फक्त एवढंच सांगायला हवं होतं की बाळा हा सी म्हणजे सा आहे. मी गेल्या आठवड्यात फोनवर सांगितलं. मोझार्टच्या ई फ्लॅट कॉन्चेर्टोचा मूळ पार्ट पाठवला आणि म्हटलं आधी पेटीवर काळी दोन धरून वाजव, मग हॉर्नवर. दुसऱ्या मूव्हमेंटच्या पहिल्या आठ ओळी तिने त्याच संध्याकाळी रेकॉर्ड करून पाठवल्या, दोन ठिकाणी स्वर फुटलेत पण ते सगळ्यांचेच फुटतात, हॉर्नचे वरचे स्वर एकमेकांच्या इतके जवळ असतात की ओठ जरा इकडेतिकडे झाला की शेजारचा लागतो.

म्हणून माझी विनंती अशी की महाराष्ट्रात नि गोव्यात जे कोणी पितळी वाद्यं शिकवतात, बँडमधे असोत चर्चमधे असोत क्लासमधे असोत, त्यांनी आपल्या मुलांना पट्टीचा हा हिशोब सुरुवातीलाच सारेगममधून सांगावा, ते त्यांना आधीच येत असतं. आणि तुमच्या लेखकांनी पुढचा भाग लिहिला तर मी आनंदाने वाचीन, हवं असल्यास मूळ पार्टची दोन पानंही पाठवीन. फक्त लेखासोबत "फ्रेंच हॉर्न" म्हणून जो फोटो छापलाय तो ट्यूबाचा आहे, तेवढा बदला.

कळावे,
आपला एक नियमित वाचक
(मूळ पुणे, सध्या जर्मनी)